लेझर मंद पडलाय? व्होल्टेज वाढवण्याआधी हे तपासा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचे दिवस जवळ आले की माझ्या टेबलावर एकच तक्रार फिरून फिरून येते. घरी जोडलेला लाल लेझर, समोर एलडीआर (उजेड ओळखणारा रेझिस्टर), मध्ये कुणी आलं की वाजणारा बझर. दोन दिवस झकास चालतं आणि तिसऱ्या दिवशी, "काका, लेझर गेला." मागच्या हिवाळ्यात आलेल्या एका मुलाने तर उपायही ठरवूनच आणला होता : "तीन सेलवर मंद दिसतोय, नऊ व्होल्टची बॅटरी लावू का?" त्याचा लेझर गेलेला नव्हता. ती बॅटरी लावली असती तर मात्र नक्की गेला असता.

खाली लिहिलंय ते ६५० नॅनोमीटरच्या, ५ मिलिवॉटपर्यंतच्या लाल डायोडबद्दल. म्हणजे पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शंभराच्या आत मिळणारं पितळी नळीचं मॉड्यूल, किंवा तसाच सुटा डायोड घेऊन स्वतः बनवलेला ड्रायव्हर (डायोडला करंट पुरवणारं सर्किट). त्याहून मोठं काही हातात असेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

काय काय दिसतं

– लेझर अजिबात लागत नाही.
– लागतो, पण ठिपका नाही. टॉर्चवर लाल कागद लावल्यासारखा पसरट, मरतुकडा उजेड.
– वायर हलवली की लुकलुकतो.
– सुरुवातीला नीट, पाच-दहा मिनिटांनी उतरत जातो. थोडा वेळ बंद ठेवला की परत ठीक.
– ठिपका प्रखर आहे पण मोठा, वेडावाकडा, शेपटी फुटल्यासारखा.
– नवे सेल किंवा वेगळी बॅटरी लावल्यावर क्षणभर जोरात लागला आणि मग कायमचा मंद.

शेवटचं लक्षण असेल तर डायोड बहुतेक गेलाच. बाकी पाचांमध्ये मी आधी डायोडला दोष देत नाही.

मंद म्हणजे मेलेला नव्हे

हे एकदा समजलं की निम्मे डायोड वाचतात. लेझर डायोडला ठरावीक करंट मिळेपर्यंत तो लेझर नसतोच, साधा एलईडी असतो. त्या करंटला थ्रेशोल्ड म्हणतात. या छोट्या लाल डायोडमध्ये तो २० मिलिअँपिअरच्या आसपास असतो आणि रोजचं काम साधारण ३० वर चालतं. म्हणजे खेळायला जागा दहाएक मिलिअँपिअरची. सेल उतरले, वायर सैल झाली, करंट १८ वर आला, की पसरट लाल उजेड.

आता उलटं बघा. करंट जास्त गेला तर डायोडच्या क्रिस्टलची टोकं, जी आतमध्ये आरशाचं काम करतात, ती जळतात. प्रकाश बाहेर पडायची जागा काही मायक्रोमीटरची, त्यामुळे जळायला क्षणही पुरतो. आरसा गेला की तो कायमचा एलईडी. पुन्हा तोच पसरट लाल उजेड.

उपाशी डायोड आणि जळलेला डायोड, दोघांचा चेहरा सारखाच. म्हणून करंट मोजल्याशिवाय व्होल्टेज वाढवायचं नाही. उपाशी असेल तर तुम्ही त्याला मारता, मेलेला असेल तर काही फरक पडत नाही. दोन्हीकडून तोटाच.

एक फुकटची परीक्षा आहे. ठिपका साध्या पांढऱ्या कागदावर पाडा (चकचकीत नको) आणि बाजूने कागदाकडे बघा. खरा लेझर असेल तर ठिपक्यात बारीक रवा पसरल्यासारखी दाणेदार नक्षी दिसते आणि डोकं हलवलं की ती सळसळते. दाणे नसतील तर त्या घडीला तो लेझर नाही. का नाही, हे पुढे शोधायचं.

टेबलावर बसण्याआधी

लेझर लागतोय का हे बघायला नळीत डोकावायचं नाही. कधीच नाही, बंद दिसत असला तरी नाही. सैल वायर असलेला लेझर नेमका तुम्ही वाकल्यावर लागतो.

डोळ्याची भिंग-रचना समांतर येणारा किरण पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, काही मायक्रोमीटरच्या बिंदूत गोळा करते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. १ मिलिवॉटपर्यंतच्या लेझरला तेवढं मिटणं पुरतं. ५ मिलिवॉटला त्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय रेटिनाला वेदना होत नाही, त्यामुळे इजा झाली तरी त्या क्षणी कळेलच असं नाही. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर नाशिकमध्ये लेझरच्या झोतामुळे तरुणांच्या रेटिनाला इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. ते झोत या मॉड्यूलच्या कित्येक पट ताकदीचे होते, पण डोळा तोच.

माझी मांडणी अशी : मॉड्यूल क्लॅम्पमध्ये किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटपट्टीने पक्कं बसवायचं. हातात धरून तपासायचं नाही. तोंड भिंतीकडे, समोर काळा खरखरीत पुठ्ठा. किरणाची उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बरीच खाली, आणि घरात लहान मूल रांगत असेल तर ती खोलीच नको. खोलीत दिवा लावलेला हवा, कारण अंधारात बाहुली मोठी होते. हातातलं घड्याळ आणि अंगठी काढून ठेवायची. स्टीलचं पक्कड किरणात गेलं की ठिपका कुठे उडेल सांगता येत नाही.

"पण पाकिटावर पाचच मिलिवॉट लिहिलंय," असं ऐकायला मिळतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर मोजले. लाल पॉइंटरपैकी सुमारे ४४ टक्के आणि हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत. तेव्हा पाकिटावरचा आकडा ही विक्रेत्याची इच्छा समजावी.

१. सेल. खर्च शून्य

सेल सुटे काढून मोजू नका. उतरलेला सेलही मोकळा असताना १.५ व्होल्टच्या जवळपास दाखवतो आणि लोक म्हणतात, "सेल तर फुल आहे." लेझर चालू ठेवून मोजा. तीन सेलचे मिळून ४.५ ऐवजी ३.५ दिसले तर शोध तिथेच संपला.

सेल होल्डरची स्प्रिंगही बघा. आपल्याकडे पावसाळ्यात तिच्यावर पांढरट-हिरवं साचतं आणि दसरा-दिवाळीला बाहेर काढलेलं खेळणं चालत नाही. पॉलिश पेपरचा एक फटका, काम झालं.

एक सावधगिरी. बटण सेलवर चालणाऱ्या अगदी स्वस्त कीचेन-पॉइंटरमध्ये करंट आवरायचं बरंचसं काम त्या छोट्या सेलचा अंतर्गत रोधच करत असतो. तिथे "टिकाऊ होईल" म्हणून तीन पेन्सिल सेल जोडले, तर व्होल्टेज तेच ४.५ राहतं पण करंट उसळतो. असे डायोड मी डबाभर जमवलेत.

२. वायर आणि स्विच

माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक केसेस इथेच मिटतात. पितळी मॉड्यूलच्या मागून निघणाऱ्या लाल-निळ्या वायरी केसासारख्या बारीक असतात आणि सोल्डरच्या मुळाशीच तुटतात. वरचं प्लास्टिक शाबूत असल्याने तुटलेलं दिसत नाही. सेल काढा, मल्टिमीटर बीपवर (जोड सलग आहे का ते सांगणाऱ्या मोडवर) लावा, वायरच्या दोन टोकांना लावून ती मुळाशी हळूच वाकवा. बीप तुटली की सापडलं. नवी वायर लावल्यावर मुळाशी गरम गोंदाचा एक थेंब टाका, म्हणजे ताण सोल्डरवर येणार नाही.

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) कायमचा प्रकल्प ठेवू नका. प्रदर्शनाच्या टेबलाला प्रत्येक जण धक्का देतो.

आता महत्त्वाचं : सैल वायर फक्त लुकलुकवत नाही, डायोड मारते. एलएम ३१७ चा (करंट धरून ठेवणाऱ्या आयसीचा) ड्रायव्हर असेल आणि डायोडला समांतर कपॅसिटर असेल, तर डायोड सुटल्याबरोबर ड्रायव्हरला भार उरत नाही. आउटपुट वर चढतं आणि कपॅसिटर जवळपास बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत भरतो. वायर परत टेकली की तो सगळा साठा सव्वादोन व्होल्टच्या डायोडमध्ये एका दमात रिकामा होतो. म्हणून स्विच नेहमी बॅटरी आणि ड्रायव्हरच्या मध्ये लावायचा, ड्रायव्हर आणि डायोडच्या मध्ये कधीही नाही. तिथे स्विच दिसला तर पुढचं काही तपासायच्या आत तो हलवा.

तिसरी गंमत पितळी नळीची. अनेक मॉड्यूलमध्ये डायोडचं एक टोक नळीला आतून जोडलेलं असतं, बहुधा प्लसचं. नळी लोखंडी पट्टीवर बसवली आणि त्या पट्टीला मायनस टेकला, की शॉर्ट. बीपवर नळी आणि दोन्ही वायरी तपासून बघा. जोड निघाला तर नळीभोवती कागदी टेप गुंडाळा.

३. लेन्स

ठिपका पसरट आहे पण दाणे दिसताहेत, म्हणजे डायोड ठणठणीत आहे. लेन्स ढिली झालीय किंवा तिच्यावर बोटाचा ठसा आहे. सेल काढून, इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन हलकेच फिरवा. नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यातलं अॅसिटोन प्लास्टिकची लेन्स दुधाळ करून टाकतं. लेन्सची चकती फिरवून फोकस जमवताना लेझर चालू ठेवावा लागतो, तेव्हा नजर पुठ्ठ्यावर, नळीवर नाही. जमला की चकतीच्या आट्यांवर नेलपॉलिशचा ठिपका लावा, म्हणजे ती फिरणार नाही.

४. वीज येतेय कुठून?

अर्डुइनोवाल्यांसाठी (म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड वापरणाऱ्यांसाठी) : केवाय-००८ या लेझर मॉड्यूलची सिग्नल पिन थेट अर्डुइनोच्या डिजिटल पिनला जोडलेली असते. चालते, पण ओढून-ताणून. अर्डुइनो उनो बोर्डच्या पिनवरून कायम २० मिलिअँपिअरच्या वर घेऊ नये, ४० ही शेवटची मर्यादा, आणि मॉड्यूल मागतं तीसेक. पिनचं व्होल्टेज खाली बसतं आणि लेझर थ्रेशोल्डच्या काठावर लटकतो. ५ व्होल्ट थेट मॉड्यूलला द्या आणि मायनसच्या बाजूला बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावून पिनने फक्त तोच चालू-बंद करा. बेसला १ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका.

एलएम ३१७ वाल्यांची चूक वेगळी. मोबाइलचा चार्जर हाताशी असतो, म्हणून त्याचे ५ व्होल्ट दिले जातात. हिशोब करा : डायोडला सव्वादोन, करंट ठरवणाऱ्या रेझिस्टरवर सव्वा, आणि आयसीला स्वतःला दोनेक व्होल्ट. झाले साडेपाच. पाचात ते बसत नाही, आणि लेझर उपाशी राहतो. चार पेन्सिल सेलवर नवे असताना चालतो आणि सेल थोडे उतरताच रुसतो, त्याचं कारणही हेच. या सर्किटला नऊ व्होल्ट चालतात, कारण करंट आयसी धरून ठेवते. सुट्या मॉड्यूलला, ज्यात नुसता एक रेझिस्टर असतो, त्याला नऊ चालत नाहीत. त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हे असं होतं. त्याच्याकडे सुटं मॉड्यूल होतं.

एलएम ३१७ च्या पायांचा क्रम ७८०५ या नेहमीच्या ५ व्होल्टच्या आयसीसारखा नाही. अक्षरं आपल्याकडे ठेवली तर डावीकडून अॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. मागचा धातूचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो. ७८०५ च्या सवयीने जोडणारे बरेच जण मी पाहिलेत, त्यात एकदा मीही.

५. उष्णता

पाच-दहा मिनिटांनी उतरणारा लेझर. डायोड तापला की थ्रेशोल्ड वर सरकतो, म्हणजे तोच करंट आता अपुरा पडतो. नळीला बोट लावा. सहन होत नसेल तर कारण सापडलं. जाड अॅल्युमिनियमच्या तुकड्यात भोक पाडून, थोडी थर्मल पेस्ट लावून नळी बसवा. जुन्या कॉम्प्युटरमधला हीटसिंकही चालतो. गार झाल्यावरही पूर्वीइतका उजळत नसेल, तर उष्णतेने कायमचं नुकसान केलंय. हीटसिंक लावूनही तापत असेल तर करंट जास्त जातोय, पुढची पायरी घ्या.

६. खोट्या डायोडवर करंट मोजा

इथून वीस-पंचवीस रुपयांचे सुटे भाग आणि थोडा धीर लागतो. ही पायरी फक्त स्वतः ड्रायव्हर बनवलेल्यांसाठी.

खरा डायोड काढून ठेवा. त्याच्या जागी तीन साधे १एन४००७ डायोड एकापुढे एक आणि त्यांच्याबरोबर १० ओहमचा एक रेझिस्टर जोडा. तिघांचे मिळून सव्वादोनच्या आसपास व्होल्ट होतात, म्हणजे ड्रायव्हरला वाटतं लेझरच लागलाय. आता १० ओहमवरचं व्होल्टेज मोजा. ३०० मिलिव्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपिअर. एलएम ३१७ मध्ये १.२५ ला रेझिस्टरने भागलं की करंट मिळतो : ४७ ओहमला सुमारे २७, ३९ ओहमला ३२. मोजलेलं आणि गणितातलं जुळलं पाहिजे. ४७ ऐवजी ४.७ लागलेला मी दोनदा पाहिलाय, फरक फक्त एका रंगीत पट्टीचा. करंट दहापट.

आकडा कमी आला तर आधीच्या चौथ्या पायरीकडे परत जा. बरोबर आला आणि तरी खरा डायोड दाण्यांशिवाय लागतो, तर मात्र डायोड गेला. मल्टिमीटरच्या डायोड-मोडवर अवलंबून हा निकाल देऊ नका. अनेक मीटर त्या मोडमध्ये पुरेसं व्होल्टेज देत नाहीत आणि चांगल्या डायोडलाही मेलेला ठरवतात.

७. नवा डायोड बसवताना

जुना का गेला ते कळल्याशिवाय नवा लावू नका, नाहीतर दोन मेलेले डायोड जमतील. सुटा डायोड घेताना दोन घ्या, आणि त्याचा पिनचा नकाशा दुकानदाराकडून मागून घ्या. तीन पायांपैकी एक बहुधा आतल्या, उजेड मोजणाऱ्या फोटोडायोडचा असतो, अंदाजाने जोडण्यासारखा प्रकार नाही.

स्थिर विजेने हे डायोड सहज मरतात. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होते ना, तेवढी ठिणगी खूप झाली. नायलॉनचा शर्ट घालून बसू नका, डायोड हातात घेण्याआधी अर्थ केलेल्या धातूला हात लावा. तीनही पायांभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळून ते शॉर्ट ठेवा आणि सोल्डरिंग पूर्ण झाल्यावरच ती तार काढा. सोल्डरिंग आयर्न तापलं की प्लग काढून मगच पायाला टेकवा, दोन-तीन सेकंद, बस. स्वस्त आयर्नच्या टोकाला गळतीचा करंट असतो. टेस्टर लावून बघा, कधीकधी लुकलुकतो.

जोडण्याआधी ड्रायव्हरचा कपॅसिटर १०० ओहमच्या रेझिस्टरने रिकामा करा. मग डायोड, मग सेल, मग स्विच. हा क्रम मोडू नका.

इथे थांबा

डीव्हीडी रायटरमधून काढलेला डायोड : तो ५ मिलिवॉटचा नसतो, शे-दोनशेचा असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे त्याच्याबरोबर सीडीसाठीचा ७८० नॅनोमीटरचा डायोडही असतो. चुकीचा पाय जोडला तर "लागत नाही" असं वाटतं आणि प्रत्यक्षात जवळजवळ न दिसणारा किरण बाहेर पडत असतो. पापणी मिटणार तरी कशाला? पहिल्या वर्षात हा उद्योग करू नका.

हिरवं मॉड्यूल मंद पडलं तर ते उघडू नका. त्यातल्या अनेकांत ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य डायोड एका क्रिस्टलला चेतवतो, त्यातून १०६४ निघतो आणि दुसरा क्रिस्टल त्याचा ५३२ चा हिरवा करतो. आतला फिल्टर निघाला की हिरवा थोडा आणि अदृश्य भरपूर, असा सौदा होतो.

लाकूड कोरायचं निळं डायोड मॉड्यूल अर्ध्या वॉटच्या वर गेलं की ते लेझर-सुरक्षेच्या चौथ्या, सर्वात धोकादायक वर्गात मोडतं, तिथे भिंतीवरचा पसरलेला ठिपकाही डोळ्याला घातक. ते विकणाऱ्याकडे किंवा लेझर मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. चष्मा म्हणून गॉगल चालत नाही, वेल्डिंगची काचही नाही. ज्या तरंगलांबीचा लेझर, तीच तरंगलांबी आणि ओडीचा (प्रकाश किती अडवतो त्याचा) आकडा ज्यावर छापलाय तो चष्मा लागतो. लालसाठीचा निळ्याला उपयोगी नाही. आणि कार्बन डायऑक्साइडची नळी असलेल्या मशीनचं पॉवर सप्लायचं झाकण तर उघडूच नका. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. मीही ती उघडत नाही, परत पाठवतो.

किरण डोळ्यात गेलाच आणि नंतर नजरेत काळा किंवा धुरकट डाग राहिला, सरळ रेषा वाकडी दिसू लागली, तर "उद्या बघू" नको. त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरकडे जा. डोळा चोळू नका, घरचे थेंब टाकू नका. मॉड्यूल सेल काढून बरोबर न्या, म्हणजे तरंगलांबी आणि ताकद डॉक्टरांना लेबलवरून वाचता येईल.